चपलेच्या आतून

बत्तीस वर्षं भोसरीत गेज तपासले.
दोन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं
की लाल ठिपका, माल परत.
आणि आता येरवड्यात, पहिल्या टीवरून
माझा चेंडू निघतो शहाण्या मुलासारखा,
शंभर यार्ड नाकासमोर,
मग त्याला काहीतरी आठवतं
आणि तो उजवीकडं वळतो,
कडुनिंबात, कुंपणापलीकडं,
जिथं कुणाच्या तरी चादरी वाळत असतात.

उपाय केला. कारखान्यातला उपाय.
तीस यार्ड उजवीकडं जातो ना,
तर तीस यार्ड डावीकडं नेम धरू.
चाळीस गेला.
चाळीस धरले, साठ गेला.
चादरींवर आता माझी निशाणी असेल.

दानियल साळवे पिशवी घेऊन मागं उभा.
अकरा वर्षांचा असल्यापासून इथं, आता साठीला आलेला,
कानावर पेन्सिल.
दोन महिने एक शब्द बोलला नाही.
विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा त्याचा नियम,
विचारायचं नाही हा माझा.

एका सकाळी लोहगावहून सुखोई उठलं,
आभाळ फाटल्यासारखा आवाज,
त्यात मी विचारून घेतलं,
ऐकू गेलं नाही तर विचारलंच नाही, या हिशेबानं.
त्याला ऐकू गेलं.

"डाव्या मुठीवरच्या गाठी मोजा. किती दिसतात?"
एक.
"तीन दिसल्या पाहिजेत."
मूठ फिरवली. तीन दिसल्या.
हात दुसऱ्याच कुणाचा वाटायला लागला.
"आणि ते डावीकडं धरणं सोडा, साहेब.
जितकं डावीकडं धराल तितकं आडवं कापाल,
जितकं कापाल तितका तो फिरेल.
तुम्हीच खाऊ घालताय त्याला."

मला सुधन्वा आठवला, धाकटा भाऊ.
तो काय म्हणेल ते आधीच धरून
मी पहिल्या वाक्यापासून तिरका असतो.
असो.

दानियलनं पायातली एक चप्पल काढली,
चेंडूच्या पलीकडं, वीतभर मागं ठेवली.
"हिच्या आतून या.
बाहेरून आलात तर आधी हीच लागेल."

आधी तीच लागली.
टाचेला झिजून कागद झालेली ती चप्पल
हवेत दोन गिरक्या घेऊन
फेअरवेच्या मधोमध पडली.
इतकी सरळ रेघ या ड्रायव्हरनं
जन्मात काढली नव्हती.
दानियल हसला नाही.
मग हसला. मग पिशवी खाली ठेवून बसलाच.

अंगठा तुटला होता. मी पाकीट काढलं,
त्यानं दुसरी चप्पल काढली.
"पैशाचं नंतर. ही उरलीय. हिला सांभाळा."

आतून आलो.
आवाज वेगळा झाला, सुकं नारळ फुटल्यासारखा,
आणि चेंडू गेला, गेला,
आणि शेवटी, अगदी शेवटी, डावीकडं कलला.
चार महिन्यांत मी त्या बाजूला गेलोच नव्हतो.
तिकडं एक सिमेंटचा बाक आहे,
एक गळका नळ, नळाशी दोन साळुंक्या.
"हा निराळा आजार," दानियल म्हणाला,
अनवाणी, दवात पाय भिजवत.
"याचं पुढच्या आठवड्यात बघू."

सोमवारी कॅडींचा खेळ असतो.
नव्या चपला घेऊन गेलो, नंबर नऊ,
वॉचमननं आत सोडलं नाही.
जाळीतून दिसलं,
दानियल टीवर उभा,
कुणाचा तरी जुना ड्रायव्हर, टेप गुंडाळलेला,
आणि नेम
चांगला तीस यार्ड डावीकडं.
चेंडू डावीकडून निघाला, उजवीकडं वळत वळत
मधोमध येऊन बसला,
रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसासारखा.

खोका वॉचमनकडं ठेवला.
काही बोललो नाही.
कुणी विचारलं नव्हतं.